फ्रान्समधील जुन्या वस्तूंचे बाजार: आधी उलटून पाहावे, मग भाव विचारावा

पॅरिसच्या उत्तर वेशीवरचा सँ-तुआँचा प्रसिद्ध बाजार नजर तयार करण्यासाठी अतुलनीय आहे, परंतु प्रत्यक्ष खरेदीसाठी मी तो खेड्यांतील रविवारच्या विक्रीच्या आणि वाँवच्या पदपथावरील बाजाराच्या बराच खाली ठेवीन, हे माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकते. चार वेगवेगळ्या प्रवासांत, प्रत्येक वेळी थोडे पैसे आणि थोडी समजूत खर्च करून, मी या मतापर्यंत पोहोचले आहे. फ्रान्समधून एखादी जुनी, हाताळता येईल आणि वापरता येईल अशी वस्तू आणावी, अशी ज्यांची मनापासून इच्छा आहे त्यांच्यासाठी हे परीक्षण आहे. केवळ छायाचित्रांसाठी हिंडणाऱ्यांना कोणताही बाजार सारखाच आनंद देईल.

या व्यवहाराच्या पायऱ्या फ्रेंच भाषेतील शब्दांतूनच कळतात. ‘आंतिकेर’ म्हणजे जाणकार व्यापारी. वस्तू कोणत्या काळातील आणि कशी घडवलेली, हे तो सांगतो आणि त्या सांगण्याची किंमतही लावतो. ‘ब्रोकांतर’ हा जुन्या सामानाचा व्यापारी. त्याच्या टेबलावर शंभर वर्षांची सुरई आणि वीस वर्षांचा दिवा एकमेकांना खेटून उभे असतात. आणि ‘व्हीद-ग्रनिए’ म्हणजे शब्दशः माळा रिकामा करणे, म्हणजे गावातल्या लोकांनी आपापल्या घरातील अडगळ चौकात मांडून विकणे. अशा ठिकाणी हिंडून वस्तू हेरण्याला फ्रेंचमध्ये ‘शिने’ असे स्वतंत्र क्रियापद आहे, यावरून त्या समाजात या गोष्टीला केवढे स्थान आहे याची कल्पना यावी.

सँ-तुआँचा जन्म कचऱ्यातून झाला. १८८३ मध्ये सेन प्रांताचे प्रमुख अधिकारी यूजेन पूबेल यांनी घरमालकांना कचऱ्यासाठी झाकणाची पेटी ठेवण्याचा हुकूम काढला, आणि रात्री रस्त्यावरचा कचरा चिवडून चिंध्या, हाडे व भंगार वेचणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. पॅरिसमध्ये आजही कचराकुंडीला ‘पूबेल’ म्हणतात ते या अधिकाऱ्याच्या नावावरून. तटबंदीबाहेर ढकलल्या गेलेल्या या लोकांनी वेशीपलीकडे पथाऱ्या मांडल्या, त्यांच्याकडच्या जुन्या कपड्यांतील पिसवांवरून बाजाराला ‘प्यूस’, म्हणजे पिसवांचा बाजार, हे नाव पडले, आणि १८८५ हे त्याचे जन्मवर्ष मानले जाऊ लागले. पुढे १९२० मध्ये व्हेर्नेझों हा पहिला आखीव बाजार उभा राहिला. आता अशा डझनभर बाजारांचा मिळून तो एक आख्खा पेठभाग झाला आहे.

क्लिन्याँकूरच्या मेट्रो स्थानकातून बाहेर पडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत अनेकांचा हिरमोड होतो, कारण समोर नवे बूट, जाकिटे आणि मोबाइलची आवरणे यांच्याच रांगा दिसतात. तिथे थांबू नये. पाकिटावर हात ठेवून वर्तुळमार्गाच्या पुलाखालून पलीकडे जावे आणि र्यू दे रोझिए या रस्त्यावर वळावे. खरा बाजार तिथून सुरू होतो. व्हेर्नेझोंच्या बोळांत बटणे, मणी, लेस, खेळणी, काचेचे लोलक अशा बारीक वस्तू आहेत. पॉल बेर आणि सेर्पेत या बाजारांत विसाव्या शतकातील फर्निचर आणि सजावटीचे सामान असे मांडलेले असते की दुकानात शिरताना एखाद्याच्या दिवाणखान्यात आगंतुकपणे शिरल्यासारखे वाटते. दोफिनच्या वरच्या मजल्यावर जुनी पुस्तके, नकाशे आणि छापील चित्रे आहेत, आणि झ्यूल व्हालेस हा त्यातल्या त्यात स्वस्त, काहीसा अस्ताव्यस्त आणि म्हणूनच मला सर्वांत आवडलेला भाग आहे.

शनिवार, रविवार आणि सोमवार हे बाजाराचे दिवस. सोमवारी गर्दी कमी असते आणि दुकानदारांना बोलायला सवड असते, म्हणून शिकण्याच्या हेतूने जाणाऱ्याने सोमवारच निवडावा. ऑगस्टमध्ये मात्र पुष्कळ दालने सुट्टीसाठी बंद असतात. किमतींबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण इथला व्यापारी वस्तू शोधणे, स्वच्छ करणे, दुरुस्त करणे आणि तिची ओळख पटवणे या सगळ्याचे मोल घेतो. मोठे कपाट किंवा टेबल परदेशी पाठवायचे असेल तर बांधणी व वाहतूक करणाऱ्या कंपन्याही बाजारातच भेटतात. माझा आक्षेप एवढाच आहे की ज्याला आपण काय पाहतो आहोत हे अजून कळत नाही, तो येथे ज्ञानाऐवजी मांडणीला पैसे देऊन बसतो.

मला हे एका आरशाने शिकवले. पॅरिसमधील एका बंदिस्त बाजारात सोनेरी चौकटीचा छोटा आरसा मला फार आवडला. विक्रेत्याने तो अठराव्या शतकातला, सोळाव्या लुईच्या काळातला असल्याचे सांगितले आणि ६५० युरो मागितले. मी होकार दिला आणि पावतीवर तसे लिहून मागितले, तेव्हा त्याने ‘स्तील लुई सेझ’ असे लिहिले. ‘स्तील’ म्हणजे त्या शैलीतला आणि ‘एपोक’ म्हणजे प्रत्यक्ष त्या काळातला. या दोन शब्दांमध्ये शंभर वर्षांचे आणि किमतीत कित्येक पटींचे अंतर असते. फ्रान्समध्ये १९८१ च्या एका अध्यादेशानुसार विक्रेत्याने वस्तूचे वर्णन करताना विशिष्ट काळाचे नाव दिले, तर ती वस्तू त्या काळातली असल्याची हमी त्याच्यावर येते, आणि ग्राहकाने मागितल्यास तपशीलवार पावती देणे त्याला बंधनकारक आहे. तोंडाने ‘एपोक’ म्हणणारा माणूस कागदावर ‘स्तील’ लिहितो, तेव्हा त्या कागदावरच विश्वास ठेवावा. मी आरसा परत केला. विक्रेत्याने फारशी हुज्जतही घातली नाही.

वाँवचा बाजार सँ-तुआँच्या उलट टोकाला, शहराच्या दक्षिण वेशीवर आहे. चौदाव्या विभागातील दोन रस्त्यांच्या पदपथांवर शनिवारी आणि रविवारी सकाळी सात वाजल्यापासून साडेतीनशेहून अधिक विक्रेते टेबले मांडतात आणि दुपारी दोनच्या सुमारास आवरू लागतात. इथे दालने नाहीत, दिव्यांची रोषणाई नाही. गाडीतून खोकी उतरतात आणि ग्राहकाच्या डोळ्यांदेखत उघडतात. पॅरिसमध्ये एकच सकाळ हाती असेल तर मी दुसरा कोणताही बाजार सुचवणार नाही. वस्तू हातात मावतील एवढ्या, विक्रेते बोलके, आणि किमती अशा की चूक झाली तरी झोप उडू नये. पाऊस आला तर मात्र सगळ्याचीच वाताहत होते, आणि साडेदहानंतर गर्दी इतकी वाढते की टेबलाशी उभे राहून एखादी वस्तू शांतपणे उलटून पाहणे अशक्य होते.

आणि उलटून पाहणे हेच तर या खरेदीतले मुख्य काम आहे. चांदीच्या चमच्यांचे उदाहरण घेऊ. फ्रेंच चांदीवर १८३८ पासून मिनर्व्हा देवीच्या मुखाचा सरकारी ठसा असतो. जुन्या वस्तूंवर त्यात १ हा आकडा असेल तर हजारात ९५० भाग आणि २ असेल तर ८०० भाग शुद्ध चांदी. लहान वस्तूंवर मिनर्व्हाऐवजी रानडुकराचे डोके किंवा खेकडा दिसतो. घडवणाऱ्याचा ठसा चांदीवर समभुज चौकटीत, म्हणजे पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात असतो, तर मुलामा दिलेल्या धातूवर तो साध्या चौरसात असतो. क्रिस्तोफ्लसारख्या कारखान्याच्या मुलाम्याच्या चमच्यांवर ८४ असा आकडा दिसला, तर तो शुद्धतेचा मुळीच नव्हे. डझनभर मोठे चमचे आणि काटे यांच्यावर मिळून तेवढे ग्रॅम चांदी चढवली आहे, असा त्याचा अर्थ. हा आकडा दाखवून ‘चौऱ्याऐंशी टक्के चांदी’ असे सांगणारा विक्रेता मला एकदा भेटला होता, आणि तो स्वतःही तसेच समजत असावा असे मला प्रामाणिकपणे वाटले. ठसे तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतात, तेव्हा दहा पटींचे भिंग जवळ हवेच.

चिनी मातीच्या भांड्यांची परीक्षा बोटांनी आणि कानांनी होते. ताटली तळव्यावर तोलून कडेवर नखाने हलकेच वाजवावी. नाद स्वच्छ उठला तर ती अखंड आहे, आणि आवाज बसका आला तर केसाएवढी चीर कुठे तरी आहे असे समजावे. मी एका गावी सूपचे मोठे झाकणाचे भांडे गोंगाटामुळे न वाजवताच घेतले, आणि मुक्कामी आल्यावर त्यात गरम पाणी ओतताच तळाची चीर ओलसर होऊन स्पष्ट दिसली. लिमोझच्या चिनी मातीच्या भांड्यांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: लिमोझ हे गावाचे नाव आहे, एखाद्या कारखान्याचे नाही. त्या परिसरात १७६८ मध्ये पांढरी केओलिन माती सापडल्यानंतर तिथे अनेक कारखाने निघाले आणि त्यांचा दर्जा सारखा नव्हता. जुन्या ताटलीच्या तळाशी बहुधा दोन शिक्के आढळतात, एक झिलईखाली भांडे बनवणाऱ्याचा आणि दुसरा झिलईवर ते रंगवणाऱ्याचा. दोन्ही वाचावेत आणि मगच भावाचे बोलावे.

तांब्याच्या पातेल्यांबद्दल मी विशेष आग्रहाने लिहिते, कारण कल्हई म्हणजे काय हे आपल्याला निराळे सांगावे लागत नाही. जुनी फ्रेंच पातेली जाड पत्र्याची, लोखंडी दांड्याची आणि तांब्याच्या रिबिटांची असतात, तर शोभेसाठी केलेली पातेली पातळ, हलकी आणि पितळी दांड्याची. एका हाताने उचलून पाहिले की फरक मनगटालाच कळतो. आतली कल्हई उडून तांबडा धातू दिसत असेल तर त्या पातेल्यात आंबट पदार्थ शिजवता येणार नाहीत, म्हणून नव्या कल्हईचा खर्च भावातून वजा करून मागावा. नॉर्मंडीत व्हिलद्यू-ले-प्वाल नावाचे तांबटांचे गाव आहे. तेथील कारागीर हे काम अजूनही करतात. नैर्ऋत्य फ्रान्समधील पिवळ्या झिलईच्या बरण्यांबद्दल मात्र उलटी सूचना द्यावी लागेल. बदकाचे मांस चरबीत मुरवून ठेवण्याच्या या बरण्यांचा वरचा भाग झिलईचा आणि खालचा कोरा असतो, कारण खालचा भाग थंडाव्यासाठी जमिनीत पुरत. त्या अतिशय देखण्या आहेत, पण जुन्या झिलईत शिसे असते. त्यांत फुले ठेवावीत, लोणचे कदापि घालू नये.

आता खेड्यांतील रविवारच्या विक्रीविषयी, जिला मी सर्वांत वरचे स्थान देते. वसंतापासून शरदापर्यंत, आणि विशेषतः मे-जूनमध्ये, फ्रान्सच्या कोणत्याही भागात रविवारी आसपास एखादी तरी विक्री असतेच. तारखा आणि गावे इंटरनेटवरील याद्यांत आठवडाभर आधी कळतात. आयोजन बहुधा शाळेची पालक संघटना किंवा गावातील एखादे मंडळ करते. खासगी माणसाला वर्षातून दोनदाच अशा विक्रीत भाग घेता येतो, आणि तेही स्वतःच्या वापरलेल्या वस्तू विकण्यासाठी. प्रत्येक विक्रेत्याची नोंद ठेवावी लागते. या नियमामुळे टेबलामागचा माणूस बहुधा त्या वस्तूसोबत राहिलेला असतो, आणि त्याला विचारले तर तो तिच्याबद्दल सांगू शकतो. अर्थात निम्म्याहून अधिक टेबलांवर लहान मुलांचे कपडे, प्लॅस्टिकची खेळणी आणि जुन्या सीडी असतात. दोनशे टेबलांपैकी दहा कामाची निघाली तर तो दिवस चांगला समजावा.

लुआर नदीच्या खोऱ्यातील एका गावी मी सकाळी साडेसहाला पोहोचले, तेव्हा अजून गाड्या लागत होत्या आणि व्यापारी हातात विजेऱ्या घेऊन उघड्या डिक्क्यांमध्ये डोकावत होते. चांगला माल या पहिल्या तासातच जातो, हे खरे आहे. तरीही त्या दिवशीची माझी सर्वोत्तम खरेदी अकरा वाजता झाली. एका वयस्क बाईंनी जाड पांढऱ्या चादरींची चळत मांडली होती, आणि प्रत्येक चादरीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक शिवण होती. मला वाटले, फाटून सांधल्या असाव्यात. बाईंनी समजावून सांगितले की पूर्वीचे हातमाग अरुंद असत, त्यामुळे दोन पट्टे जोडूनच एक चादर होई. ती शिवण म्हणजे दोष नव्हे, जुनेपणाची खूण. कोपऱ्यात लाल दोऱ्याने दोन अक्षरे भरलेली होती. ती त्यांच्या आजीची होती. लग्नाआधी मुलींनी रुखवताचे कापड असे अक्षरे घालून तयार ठेवण्याची रीत होती, आणि यातल्या काही चादरी कधी अंथरल्याच गेल्या नाहीत. तागासारख्या धाग्याच्या त्या कापडाला हात लावल्यावर आधी थंडावा जाणवतो आणि मग वजन. मी दोन चादरींचे ३० युरो दिले. भाव करायची इच्छाच झाली नाही, आणि आजही त्याचे मला वाईट वाटत नाही.

एरवी भाव जरूर करावा, पण रीतीने. टेबलाशी येताच ‘बोंझूर’ म्हणावे. हा एक शब्द न उच्चारता वस्तूला हात लावणे फ्रान्समध्ये उद्धटपणा समजतात आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागते. भाव विचारल्यावर थोडे थांबावे, मग ‘काही कमी होईल का’ एवढे सौम्यपणे विचारावे. दहा ते वीस टक्के सूट बहुतेक ठिकाणी सहज मिळते. निम्मा भाव सांगण्याने माणूस दुखावतो आणि बोलणेच संपते. एकाच टेबलावरून तीन-चार वस्तू एकत्र घेतल्या तर सूट आपोआप वाढते. वस्तूची निंदा करून भाव पाडण्याची सवय असलेल्यांनी ती बाजूला ठेवावी, कारण खेड्यात ती वस्तू कोणाच्या तरी आईची असण्याची शक्यता असते. व्यवहार रोखीचा असतो, तेव्हा सुटी नाणी आणि पाच-दहा युरोंच्या नोटा पुरेशा जवळ असाव्यात. पन्नासची नोट सकाळी सातला कोणालाच नको असते.

मोठ्या जत्रांबद्दल थोडक्यात लिहिते. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी लील शहरात भरणारा ‘ब्रादरी’ हा प्रचंड उत्सव आहे. शिंपल्यांचे कालवण आणि बटाट्याच्या कापा खाऊन हॉटेलांबाहेर रिकाम्या शिंपल्यांचे ढीग रचण्याची तिथे प्रथाच आहे. अनुभव म्हणून तो घ्यावा, पण शांतपणे खरेदी करणाऱ्याने टाळावा. आमियँची ‘रेदरी’ वर्षातून दोनदा भरते आणि खरेदीसाठी ती कितीतरी सरस आहे. दक्षिणेत आव्हिन्योंजवळ लील-स्यूर-ला-सोर्ग नावाचे पाण्याच्या कालव्यांचे गाव आहे (उत्तरेतल्या लीलशी उच्चारसाम्य असल्यामुळे तिकीट काढताना जपावे). तिथे रविवारी बाजार असतो आणि ईस्टरला व १५ ऑगस्टच्या सुमारास मोठ्या जत्रा भरतात. गाव रमणीय आहे, माल निवडक आहे, आणि भाव पॅरिसलाही मागे टाकतील असे आहेत.

गावाबाहेरच्या एमाउस संस्थेच्या गोदामांचा उल्लेख मात्र टाळता येत नाही. १९४९ मध्ये सुरू झालेल्या या चळवळीत निराधार माणसे एकत्र राहतात, लोकांनी दान दिलेल्या वस्तू गोळा करतात, दुरुस्त करतात आणि विकतात. किमती लिहिलेल्या असतात आणि तिथे घासाघीस करणे मला स्वतःला योग्य वाटत नाही. जाड काचेचे पेले, दिवे, लाकडी खुर्च्या आणि रोजच्या वापरातल्या ताटल्या यांच्यासाठी याहून चांगली जागा मी पाहिलेली नाही. गैरसोय एवढीच की उघडण्याचे वार आणि वेळा जागोजागी वेगळ्या असतात आणि बहुतेक ठिकाणी गाडीशिवाय पोहोचणे कठीण जाते.

या सगळ्या व्यवहारातील उणिवा गंभीर आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. उघड्यावर घेतलेली वस्तू परत करण्यासाठी विक्रेता पुन्हा सापडेल याची खात्री नसते. स्वच्छतागृहांची सोय अनेक ठिकाणी दयनीय आहे. हस्तिदंती मुठींच्या सुऱ्या आणि कासवाच्या कवचाच्या डब्या टेबलांवर सर्रास दिसतात, परंतु वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे त्या कागदपत्रांशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि ही गोष्ट विक्रेता आपणहून क्वचितच सांगतो. अशा वस्तू कितीही सुबक असल्या तरी जागेवरच सोडाव्यात.

ज्यांच्या सामानात खरोखरच जागा उरली नसेल, त्यांनी जुन्या पोस्टकार्डांच्या खोक्यांपाशी थांबावे. ती गावांच्या नावांनुसार लावलेली असतात आणि साधी कार्डे एक-दोन युरोंना मिळतात. इथेही आधी मागची बाजू पाहावी. १९०४ च्या सुमारापर्यंत फ्रान्समध्ये कार्डाच्या मागे फक्त पत्ता लिहिण्याची मुभा होती. त्यानंतर ती बाजू मधल्या रेघेने विभागली गेली आणि डावा अर्धा भाग मजकुरासाठी मोकळा झाला. वाँवच्या एका टेबलावरून मी एका युरोला घेतलेल्या कार्डाच्या मागे रेघ नाही, नुसता पत्ता आहे, आणि पुढे बंदरातील शिडाच्या होड्यांच्या चित्राभोवती, आकाशात आणि पाण्यावरही, कोणी तरी बारीक अक्षरांत लिहून ठेवले आहे की प्रवास नीट झाला, खोकला कमी आहे, आणि पेटीची किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलेली आहे.